१८० जीबी, एक ई-वन लाइन आणि २५ तासांचा हिशेब

संचालक मंडळापुढे ठेवलेल्या टिप्पणीत एक ओळ होती: 'जुना डेटा १८० जीबी, लाइनचा वेग २ एमबी, लागणारा वेळ २५ तास.' पुढचं सगळं वेळापत्रक त्या ओळीवर उभं होतं. शुक्रवारी रात्री आठला डेटा पाठवायला सुरुवात, शनिवारी रात्री नऊपर्यंत तो पुण्यात, रविवारी पडताळणी आणि सोमवारी सकाळी सगळ्या शाखा नव्या कोअर बँकिंग यंत्रणेवर. ठराव मंजूर झाला, शाखांना परिपत्रक गेलं, ग्राहकांसाठी फलकावर सूचना लागली.

त्या लाइनवरून तेवढा डेटा जायला २२७ तास लागणार होते. साडेनऊ दिवस, तेही लाइनवर दुसरं काहीही चालू नसताना.

प्रकरण २०१० च्या आसपासचं. बँक पश्चिम महाराष्ट्रातली, मध्यम आकाराची नागरी सहकारी. बँकेला या कामात सल्ला देणाऱ्यांत मी होतो. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, हिशेब मात्र पूर्ण दिला आहे. टिप्पणी लिहिणारा अधिकारी निष्काळजी नव्हता. त्यानं गणित दोनदा तपासलं होतं आणि त्याचा भागाकार अचूक होता. अडचण भागाकाराच्या आधी होती. टेलिफोनसाठी जन्मलेल्या लाइनचा वेग संगणकाच्या एककात उतरवायचा तर आधी विचारावं लागतं की हा वेग लाइनच्या नेमक्या कुठल्या ठिकाणी मोजलेला आहे. हे कुणी विचारलंच नव्हतं, आणि लाइनच्या बिलावर त्याचं उत्तर छापलेलं नसतं.

परिस्थिती

बँकेचं मुख्य कार्यालय जिल्ह्याच्या गावी, तिथेच जुना सर्व्हर. नवी यंत्रणा पुण्यातल्या एका भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये. मध्ये एक लीज्ड, म्हणजे भाड्यानं घेतलेली लाइन, ई-वन प्रकारची (टेलिफोनच्या ३२ वाहिन्या एकत्र बांधलेली), पुरवठादाराच्या ६४ केबीपीएसच्या, म्हणजे किलोबिट प्रतिसेकंदाच्या टप्प्यांनी जोडण्या देणाऱ्या जाळ्यातून आलेली. दिवसा तिच्यावरून एटीएमचे व्यवहार आणि नव्या यंत्रणेवर आधीच गेलेल्या दोन शाखांची कामं चालत.

१८० जीबीमध्ये सुमारे ६० जीबी डेटाबेसचा बॅकअप होता. उरलेले १२० जीबी म्हणजे सह्यांचे नमुने, केवायसीची कागदपत्रं आणि जुन्या चेकांची स्कॅन केलेली चित्रं. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरला. डेटाबेसचा बॅकअप चांगला आकसतो, स्कॅन केलेली चित्रं आधीच आकसलेली असतात, ती आणखी दाबली जात नाहीत.

२५ तास आले कुठून

संगणक विभागाच्या तक्त्यात पहिल्या रकान्यात २,०४८ होतं, दुसऱ्यात १,०२४, आणि भागाकार बरोबर २. इतका नीट भागाकार आला की माणसाला आपण योग्य वाटेवर आहोत असं वाटतं, आणि इथेच वाट चुकते. लाइनचा वेग २,०४८ किलोबिट प्रतिसेकंद आहे. यातला किलो म्हणजे शुद्ध हजार. दूरसंचारात किलो नेहमीच हजार असतो, कारण तिथली सगळी गणितं हर्ट्झपासून सुरू होतात. २,०४८ हा आकडा दोनाच्या घातासारखा दिसतो, कारण ३२ गुणिले ६४ केलं की तो येतो. म्हणून १,०२४ नं भागायचा त्याला काही हक्क नाही. खरा वेग सेकंदाला २०,४८,००० बिट, म्हणजे २.०४८ मेगाबिट.

दुसरी ठेच बोलण्यातली. टेलिफोन खात्यातली मंडळी ई-वनला सर्रास 'टू एमबी' म्हणतात. 'तुमची टू एमबी चालू झाली', 'टू एमबी डाउन आहे' हे शब्द त्या काळी रोज कानावर पडत. त्यांच्या तोंडी एमबी म्हणजे मेगाबिट. संगणक विभागाच्या कानांना तो मेगाबाइट ऐकू आला. १,८०,००० एमबी भागिले २, म्हणजे ९०,००० सेकंद, म्हणजे २५ तास. एका बाइटमध्ये आठ बिट असतात, म्हणून आठपटीचा फरक या एका ठिकाणी पडला.

तिसरी गोष्ट सर्व्हरच्या पडद्यावर. तिथे दिसणारे '१८० जीबी' विंडोजनं मोजलेले होते, आणि विंडोज १,०२४ च्या तिसऱ्या घाताला जीबी म्हणतं. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगानं १९९८ मध्ये या मापाला जिबीबाइट हे वेगळं नाव दिलं, पण ते पडद्यांवर फारसं पोचलं नाही. त्या १८० चे खरे बाइट होतात १९,३२७ कोटी, म्हणजे दशमान पद्धतीत १९३ जीबीहून थोडे जास्त. वरचे सव्वातेरा जीबी टिप्पणीत कुठेच नव्हते. एवढा भागच त्या लाइनवरून जायला पंधरा तासांच्या वर घेतो.

६४ केबीपीएसची वीट

या लाइनचा वेग समजून घ्यायचा तर टेलिफोनवरच्या आवाजाकडे जावं लागतं. टेलिफोननं माणसाच्या आवाजातला ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा उचलायचा असं ठरलं. तो अंकांत बदलायचा तर सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त वेळा नमुने घ्यावे लागतात, म्हणून सेकंदाला ८,००० नमुने. प्रत्येक नमुना ८ बिटांचा. गुणाकार ६४,०००. पुढच्या साऱ्या वेगांची इमारत याच विटेची आहे.

अमेरिकेत बेल कंपनीनं १९६२ मध्ये अशा २४ विटा एकत्र बांधून टी-वन ही लाइन वापरात आणली. युरोपनं ३२ विटांचा ई-वन घेतला आणि भारतानंही युरोपची पद्धत स्वीकारली. एका सेकंदात ८,००० फ्रेम, म्हणजे बिटांचे ठरावीक गठ्ठे, जातात आणि प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक विटेला, म्हणजे टाइमस्लॉटला, ८ बिट मिळतात. टी-वनची फ्रेम १९३ बिटांची: २४ गुणिले ८, अधिक फ्रेम ओळखू येण्यासाठी १ बिट. ई-वनची फ्रेम २५६ बिटांची: ३२ गुणिले ८, त्यात ओळखीचं काम पहिला टाइमस्लॉट करतो, ज्याचा क्रमांक शून्य असतो.

यातून एक सोयीची गोष्ट निघते, आणि ती या प्रकरणात फार कामाला आली. सेकंदाला ८,००० फ्रेम आणि बाइटमध्ये ८ बिट. ८,००० भागिले ८ म्हणजे बरोबर १,०००. म्हणून फ्रेममध्ये जेवढे बिट, तेवढेच सेकंदाला किलोबाइट. टी-वन: फ्रेम १९३ बिटांची, वेग १९३ किलोबाइट. ई-वन: फ्रेम २५६ बिटांची, वेग २५६ किलोबाइट. एक टाइमस्लॉट: ८ बिट, ८ किलोबाइट. पुढच्या पिढीची एसटीएम-१ ही प्रकाशतंतूंवरची लाइनसुद्धा सेकंदाला ८,००० फ्रेमच पाठवते. तिची फ्रेम २७० स्तंभ गुणिले ९ ओळी, म्हणजे २,४३० बाइट, म्हणजे १९,४४० बिट. वेग १९,४४० किलोबाइट, अर्थात १९.४४ मेगाबाइट. या लाइनचा वेग १५५.५२ एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट प्रतिसेकंद, असा सांगतात; त्याला ८ नं भागून पाहा, हेच उत्तर येतं. कॅल्क्युलेटर लागत नाही, आणि १,०२४ चा मोहही होत नाही, कारण यात सगळीकडे हजारच आहे. माझ्या मते जुन्या लाइनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पाठ हवं.

बँकेत हे सांगायची वेळ आली ती नव्या सॉफ्टवेअरच्या कागदांमुळे. ते अमेरिकेतलं होतं आणि त्यात 'किमान टी-वन' अशी अट होती. भारतात टी-वन मिळत नाही म्हटल्यावर विभागात चिंता पसरली. १९३ आणि २५६ हे दोन आकडे शेजारी लिहिले तेव्हा ती चिंता मिटली. पण त्याच क्षणी सगळ्यांच्या लक्षात आलं की आपली लाइन सेकंदाला जास्तीत जास्त २५६ किलोबाइट देणार आहे, दोन मेगाबाइट नव्हे. २५ तासांचा हिशेब तिथेच कोसळला.

तक्रार

खात्री करण्यासाठी रात्री एक मोठी फाइल पाठवून पाहिली. पडद्यावर वेग दिसला सेकंदाला २२३ केबी. सरव्यवस्थापकांनी पुरवठादाराला पत्र लिहिलं: आम्ही २ एमबीचे पैसे भरतो आणि आम्हाला जेमतेम नववा हिस्सा मिळतो. पुरवठादाराचा माणूस टेस्टर घेऊन आला, रात्रभर चाचणी लावली, सकाळी छापील अहवाल दिला. वेग २,०४८ केबीपीएस, एकही बिट चुकलेला नाही. दोघंही आपापल्या कागदावर बोट ठेवून बसले, आणि दोन्ही कागद खरे होते.

२५६ पासून २२३ पर्यंतचा प्रवास एकेक टप्पा उलगडून पाहावा लागला.

पहिला टप्पा टाइमस्लॉट शून्य. फ्रेम कुठे सुरू होते हे पलीकडच्या यंत्राला कळावं, लाइन तुटली तर सूचना जावी, यासाठी तो राखीव असतो. पुरवठादाराचं जाळं ६४ केबीपीएसचे स्लॉट वेगवेगळे ओळखून जोडत असल्यानं इथे फ्रेम टाळताच येत नव्हती. उरले ३१ स्लॉट, १,९८४ केबीपीएस. राउटरच्या पडद्यावर हाच आकडा दिसायला हवा होता.

पण तिथे १,९२० होता. म्हणजे ३० स्लॉट. टाइमस्लॉट १६ कुणीतरी सोडून दिलेला. टेलिफोन एक्स्चेंजच्या ई-वनमध्ये तो स्लॉट कुठला फोन उचलला, कुठला ठेवला असे निरोप नेतो, म्हणून तिथे बोलण्यासाठी ३० च वाहिन्या उरतात. ही लाइन लावताना आवाजाच्या लाइनचीच रचना जशीच्या तशी उतरवली गेली होती, दोन्ही टोकांच्या राउटरवर आणि मधल्या जाळ्यातही. डेटाच्या लाइनला अशा निरोपांची गरज नसते. पुरवठादाराच्या अभियंत्यानं आपल्या बाजूनं तो स्लॉट खुला केला, आम्ही दोन्ही राउटरवर तो जोडून घेतला, आणि ६४ केबीपीएस परत आले. म्हणजे सरव्यवस्थापकांच्या तक्रारीत तथ्य होतं, फक्त ते नऊ हिश्श्यांतल्या आठांइतकं मोठं नव्हतं. ते बत्तिसावा हिस्सा इतकं होतं. तेवढ्यानंही पूर्ण १८० जीबीच्या हिशेबात साडेसात तास वाचतात.

पुढचा टप्पा पाकिटांचा. डेटा जातो १,५०० बाइटांच्या पाकिटांतून. त्यातले २० बाइट आयपीचा पत्ता वगैरे, २० बाइट टीसीपीचे क्रमांक. खरा माल १,४६० बाइट. लाइनवर चढताना या पाकिटाला एचडीएलसी नावाचं आवरण लागतं: ४ बाइट पुढचा मजकूर, २ बाइट तपासणी, १ बाइट सीमाखूण. झाले १,५०७.

आणि एक टप्पा असा, जो जाणकारांच्याही तक्त्यात बहुधा सुटतो. एचडीएलसीची सीमाखूण म्हणजे सलग सहा एक असलेली बिटांची ठरावीक रचना. ही रचना मालात चुकून आली तर पलीकडचं यंत्र फसेल, म्हणून पाठवणारं यंत्र मालात सलग पाच एक दिसले की पुढे एक शून्य घुसडतं. घेणारं यंत्र तो काढून टाकतं. मालात एक आणि शून्य यांची सरमिसळ असेल, आणि आकसलेल्या चित्रांत ती असतेच, तर सरासरी दर ६२ बिटांमागे एक जादा बिट जातो. सुमारे १.६ टक्के. १,५०७ चे झाले साधारण १,५३१ बाइट.

१,४६० भागिले १,५३१ म्हणजे ९५.३ टक्के. १,९८४ केबीपीएसमधले मालाच्या वाट्याला सुमारे १,८९२ येतात, म्हणजे सेकंदाला २३६ किलोबाइट. विंडोज ते १,०२४ नं मोजून २३१ केबी दाखवतं. स्लॉट १६ बंद असताना याच गणितानं २२३ येतात, आणि चाचणीत नेमके तेवढेच दिसले होते. स्लॉट खुला केल्यावर १ जिबीबाइटची फाइल पुन्हा पाठवली. कागदावर ७५ मिनिटं ४१ सेकंद येत होते, प्रत्यक्षात सव्वाशहात्तर मिनिटं लागली. उरलेल्या अर्ध्या मिनिटात राउटरांचे आपसातले निरोप आणि फाइल पाठवणाऱ्या प्रोग्रामची स्वतःची बोलणी होती.

कागद आणि लाइन एवढ्या जवळ आल्यावर तक्रारीचा सूर बदलला. वरून कुणी काही खात नाही हे सरव्यवस्थापकांना पटलं ते आमच्या शब्दांनी नव्हे, त्या सव्वाशहात्तर मिनिटांनी.

इथे एक जोड द्यायला हवी. ९५.३ टक्के हा आकडा मोठ्या फाइलींचा. एटीएमच्या व्यवहारासारखा १०० बाइटांचा निरोप असेल तर ४७ बाइटांचा वरखर्च तेवढाच राहतो आणि मालाचा वाटा दोन तृतीयांशावर येतो. म्हणून 'लाइन इतके केबी देते' असं एकच वाक्य कुठल्याही लाइनबद्दल खरं नसतं. कशाची वाहतूक आहे ते सोबत सांगावं लागतं. आणि ई-वन दोन्ही दिशांना स्वतंत्रपणे २,०४८ देतो, म्हणून 'जाऊन-येऊन चार एमबी' असं धरणारेही भेटतात. एका दिशेनं डेटा पाठवताना दुसरी दिशा जवळपास रिकामी असते, तिचा पाठवण्याला उपयोग होत नाही.

दहानं भागणारे अधिकारी

या सगळ्या काळात बँकेतले एक ज्येष्ठ अधिकारी, निवृत्तीला आलेले, पहिल्यापासून वेगळं सांगत होते. "साहेब, लाइनला आठनं नाही, दहानं भागायचं असतं. मोडेमवर आम्ही तसंच करायचो." त्यांनी टेलेक्सही चालवला होता, ५० बॉडचा, म्हणजे सेकंदाला ५० बिटांचा, ज्यात एका अक्षराला साडेसात बिटांचा वेळ जातो आणि मिनिटाला ४०० अक्षरं निघतात. पुढे मोडेम आले तेव्हा प्रत्येक अक्षराच्या ८ बिटांमागे एक सुरुवातीचा आणि एक शेवटचा बिट, असे १० बिट जात. २८.८ केबीपीएसचा मोडेम म्हणजे सेकंदाला २,८८० अक्षरं, हा हिशेब त्यांच्या बोटांवर होता.

त्यांच्या रीतीनं २,०४८ ला दहानं भागलं तर २०४.८ किलोबाइट येतात आणि १८० जिबीबाइटला २६२ तास लागतात. खरं उत्तर २२७. तरुण अभियंत्यांचं उत्तर २५. जुन्या माणसाच्या अंदाजात पंधरा टक्क्यांची तफावत होती, नव्यांच्यात नऊपटीची.

ई-वनवर सुरुवातीचे-शेवटचे बिट नसतात, तिथे सगळं एका घड्याळाच्या ठोक्यावर चालतं. त्यामुळे दहानं भागण्याचं त्यांनी दिलेलं कारण या लाइनला लागू नाही. पण वरखर्चासाठी थोडी जागा सोडायची, हे त्या रीतीमागचं शहाणपण लागू आहे. मी आजही एखाद्या लाइनचा पहिला अंदाज दहानंच भागून काढतो आणि मग खोलात शिरतो. त्या अधिकाऱ्यांचं म्हणणं बैठकीत आधीच ऐकलं गेलं असतं तर परिपत्रक मागे घ्यायची वेळ आली नसती, याची मला खंत वाटते.

पर्याय

परिपत्रक मागे घेतलं गेलं आणि नवा मार्ग शोधणं सुरू झालं.

डेटाबेसचा बॅकअप आकसून चौथाईवर आला, ६० चे १५. एकूण १३५. तरी १७० तास, म्हणजे सात दिवसांच्या थोडं वर. दिवसा शाखांचं काम लाइनवर असल्यानं फक्त रात्रीचे बारा तास धरायचे, म्हणजे चौदा-पंधरा रात्री. या काळात जुना डेटा रोज बदलत राहणार ते वेगळंच.

चार ई-वन घेऊन एकत्र बांधायच्या? वेळ चौथाई, पण नव्या लाइन मिळायला काही आठवडे लागणार होते आणि काम संपल्यावर त्या पडून राहिल्या असत्या. पुरवठादारानं ई-थ्रीचाही विषय काढला. विभागातल्या एकानं लगेच १६ ई-वन गुणिले २.०४८ असं करून ३२.७६८ लिहिलं. ई-थ्रीचा वेग ३४.३६८ आहे. मधले १.६ एमबीपीएस कुठून आले, हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. या पिढीत प्रत्येक ई-वनचं घड्याळ स्वतःचं असतं, इतरांशी जवळपास जुळणारं पण तंतोतंत नाही. अशा सोळा प्रवाहांना एका प्रवाहात ओवायचं तर कुठे एखादा भरीचा बिट घालावा लागतो, आणि तो घातला की नाही हे पलीकडे कळवावंही लागतं. जादा वेग त्यासाठी. दुसऱ्या टोकाला एसटीएम-१ मध्ये ६३ ई-वन बसतात, त्यांची बेरीज १२९.०२४ होते आणि लाइन १५५.५२ ची असते. म्हणून जुन्या लाइनच्या उतरंडीत खालच्या पायरीला गुणून वरची काढता येत नाही, आणि वरचीला भागून खालचीही नाही.

शेवटी निर्णय झाला डिस्क गाडीनं न्यायचा. हा पर्याय आधी कुणी मांडला नव्हता, कारण मंजूर टिप्पणीनुसार लाइन पुरेशी होती.

त्यालाही आम्ही त्याच एककात बसवून पाहिलं. यूएसबी २.० च्या डिस्कवर १९३ जीबी उतरवायला सुमारे दोन तास, पुण्याचा रस्ता पाच तासांचा, तिथे पुन्हा दोन तास. एकूण नऊ तास. १,५४,६१९ कोटी बिट भागिले ३२,४०० सेकंद म्हणजे सुमारे ४७.७ एमबीपीएस. तेवीस ई-वनपेक्षा जास्त, ई-थ्रीपेक्षाही जास्त. संचालक मंडळाच्या नव्या टिप्पणीत हे दोन आकडे शेजारी लिहिले, लाइन १.८९ आणि गाडी ४७.७, एकाच एककात. चर्चा फार लांबली नाही. संचालकांपैकी कुणीही अभियंता नव्हतं, पण एकक सारखं असलं की तुलना कुणालाही करता येते.

डिस्कवरचा डेटा कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध केला. किल्ली वेगळ्या माणसाकडे, डिस्कच्या दोन प्रती दोन वेगळ्या गाड्यांतून, दोन्ही टोकांना नोंदवहीत सह्या. ग्राहकांच्या सह्यांचे नमुने रस्त्यावरून जाणार म्हटल्यावर एवढी काळजी घेणं आवश्यकच होतं, आणि या भागावर विभागानं हिशेबाइतकाच वेळ घातला याचं मला समाधान आहे.

लाइनचं खरं काम

डिस्क एका शनिवारी-रविवारी गेली. तिथून पुढे रोजचे बदल तेवढे रात्री लाइनवरून पाठवायचे. रोजचा बदल साधारण दीड जिबीबाइटचा होता. १,८९२ केबीपीएसनं त्याला एक तास चोपन्न मिनिटं लागतात. रात्री दहाला सुरू केलं तर बाराच्या आत संपावं, आणि तसंच झालं. ज्या लाइनला २५ तासांच्या परीक्षेत नापास ठरवलं होतं, ती या कामाला पुरून उरली. ठरलेल्या शुक्रवारी फक्त शेवटच्या दिवसाचा बदल गेला, दोन्हीकडच्या फाइलींचे तपासअंक जुळले, रविवारी शिल्लक रकमा शाखावार पडताळल्या आणि सोमवारी शाखा नव्या यंत्रणेवर उघडल्या.

त्या काळाचं भान राहावं म्हणून सांगतो. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, म्हणजे ई-वनमधले चार टाइमस्लॉट, सेकंदाला ३२ किलोबाइट. आणि २०२३ मध्ये दूरसंचार विभागानं व्याख्या वाढवली ती २ एमबीपीएसपर्यंत, जवळपास एक पूर्ण ई-वन. ज्या लाइनवर एक बँक आणि तिची एटीएम चालत होती, तो वेग आता एका ग्राहकाचा किमान हक्क झाला आहे.

पुढची लाइन

काही काळानं बँकेनं ई-वन सोडून ५० एमबीपीएसची इथरनेट लाइन घेतली. निविदा काढण्याआधी विभागानं आम्हाला विचारलं आणि या वेळी पहिला प्रश्न त्यांनीच टाकला: हे ५० कुठे मोजणार?

प्रश्न बारीक वाटतो, पण इथरनेटवरही तो तसाच शिल्लक आहे. तारेवर १,५०० बाइटांच्या पाकिटाला १४ बाइटांचा पत्ता, ४ बाइटांची तपासणी, ८ बाइटांची आगाऊ सूचना आणि दोन पाकिटांमध्ये १२ बाइटांइतकी मोकळी जागा लागते. १,५३८ पैकी माल १,४६०, म्हणजे ९४.९ टक्के. पुरवठादार ५० एमबीपीएसची मर्यादा तारेवर मोजत असेल तर माल ४७.५ एमबीपीएस जातो. तो फक्त आयपीचं पाकीट मोजत असेल तर ४८.७. छोट्या निरोपांत ही तफावत कितीतरी वाढते, कारण ६४ बाइटांची सर्वांत लहान फ्रेमसुद्धा तारेवर ८४ बाइटांची जागा अडवते.

लाइन चालू झाल्यावर पहिल्या चाचणीत एक फाइल १७ एमबीपीएसच्या आसपासच अडकली. पुन्हा पत्र लिहायच्या गोष्टी सुरू झाल्या, पण कुणीतरी आधी पिंग, म्हणजे छोटा निरोप पलीकडे जाऊन परत यायला लागणारा वेळ, पाहिलं. जाऊन-येऊन ३० मिलिसेकंद. जुन्या सर्व्हरवर टीसीपी एका वेळी ६५,५३५ बाइटच पाठवून पोचपावतीची वाट पाहत होता. ६५,५३५ गुणिले ८ भागिले ०.०३ म्हणजे साडेसतरा एमबीपीएस. लाइन कितीही रुंद केली तरी तो सर्व्हर त्याहून वेगानं एक फाइल पाठवू शकला नसता. ई-वनवर ही मर्यादा कधी दिसली नव्हती, कारण १,९८४ केबीपीएसवर ३० मिलिसेकंदांत लाइनमध्ये मावतात जेमतेम साडेसात किलोबाइट. तीन फाइली एकदम पाठवल्यावर ४७ एमबीपीएस दिसले. पुरवठादाराला पत्र गेलं नाही. सर्व्हर बदलण्याची मागणी तेवढी पुढच्या अंदाजपत्रकात नोंदवली गेली.

निविदेत आम्ही सुचवलेलं कलम विभागानं आहे तसं ठेवलं: 'वेग एमबीपीएसमध्ये, मेगा म्हणजे दहा लाख, मोजणी आयपी पातळीवर, १,५०० बाइटांच्या पाकिटांनी, प्रत्येक दिशेला स्वतंत्र, चाचणीत किमान तीन समांतर प्रवाह.' आलेल्या तीन निविदांपैकी दोघांनी दर देण्याआधी फोन करून विचारलं की मोजणी आयपी पातळीवर म्हणजे मर्यादा किती वर लावायची. तिसऱ्यानं काही विचारलं नाही. त्याचा दर सर्वांत कमी होता, म्हणून त्याच्याकडून तेवढं लेखी घेतलं आणि मग काम दिलं.